निळ्या झाकणाचे सर

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘ए पाथरी’ अशी हाक मारली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, गळ्यात ओळखपत्र लटकतंय, त्यावर ते ठळक छापलंय, आणि हा माणूस मला गावाच्या नावानं हाक मारतो! मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तर पुन्हा, आणखी मोठ्यानं, “पाथरी, ऐकायलीस का?” मी म्हटलं, “सर, पाथरीला हाक मारायची तर अजून जोरात ओरडा, लांब आहे ती इथून.” सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्याकडं नीट बघून म्हणाले, “जीभ चालते. चांगलंय. रक्त तपासणाऱ्याची जीभ चालायलाच पाहिजे, न्हाईतर तो वाईट रिपोर्ट दाबून ठेवतो.” आणि रबरी चपला फटफट वाजवत निघून गेले.

परभणीतल्या आमच्या लहान मुलांच्या दवाखान्यात ते मोठे डॉक्टर आणि मी लॅबमध्ये. मोठे म्हणजे मानानं. दिसायला कुणी त्यांना डॉक्टर म्हटलं नसतं. केस कायम उभे, शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. नावं त्यांच्या डोक्यात टिकतच नसत, गावं मात्र पक्की. वॉर्डातली सिस्टर पोखर्णीची, म्हणून ती पोखर्णी. रखवालदार मानवत. एकदा दवाखाना बघायला आलेल्या एका साहेबांना त्यांनी सरळ “या लातूर, बसा” म्हटलं होतं. पेशंट पोरांचंही तेच. सकाळी राउंड घ्यायला निघाले की सुरू व्हायचं: “पूर्णा दूध प्याली का? जिंतूरची उलटी थांबली? आणि सेलू का रडायलीय सकाळी सकाळी?” नव्या माणसाला वाटावं, अख्ख्या जिल्ह्यालाच बाधलंय काहीतरी.

डॉक्टरच्या कोटाच्या खिशात स्टेथोस्कोप असतो. यांच्या खिशात चहाचा काचेचा ग्लास. समोरच्या टपरीवरचा. टपरीवाला अधूनमधून येऊन लॅबच्या दारात उभा राहायचा, “मॅडम, सरांना सांगा की जरा, माझे ग्लास कमी पडायलेत.” मी सांगायची. सर म्हणायचे, “हौ, देतो,” आणि एक परत देऊन दुसरा घेऊन यायचे. गंमत म्हणजे स्वतः चहा प्यायचे स्टीलच्या कपात. चहा कपात आणि ग्लास खिशात, असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तो ग्लास होता पोरांच्या अंगावर दाबायला. ताप असलेल्या पोराच्या अंगावर लाल उठलेलं दिसलं की सर त्यावर काच दाबून आरपार बघायचे. लाली काचेखाली गेली तर एक, न गेली तर दुसरंच काहीतरी. भिंग होतं, बॅटरी होती, सगळं होतं. पण यांना टपरीचाच ग्लास लागायचा.

पण त्यांचं खरं वेड होतं निळ्या झाकणाच्या नळीचं. रक्त गोठण्याची तपासणी करायची ती ही नळी. हिच्यात आधीच थोडं औषध घातलेलं असतं, रक्तानं आत गोठू नये म्हणून. खुणेपर्यंत भरायची, हळूच उलटीसुलटी करायची, गदागदा हलवायची नाही आणि लगेच लॅबमध्ये आणायची. साधी गोष्ट. सरांनी तिचं देवघर करून टाकलं होतं. बाकीच्या नळ्या कुणीही आणो, ही मात्र ते स्वतः मुठीत धरून आणायचे, हळूहळू चालत, आणि वाटेत कुणी आलं की ओरडायचे, “सरका, सूनबाई येतायत!” मला बजावायचे, “नवी सूनबाई आहे ही. धक्का द्यायचा न्हाई, ताटकळत ठेवायचं न्हाई, आणि ताटात कमी वाढायचं न्हाई.” मी म्हटलं, “सर, हल्लीच्या सुना तुम्हालाच धक्का देतील.” तर म्हणाले, “देऊ दे. तिनं दिलेला धक्का मला आधी कळला पाहिजे, म्हणून तर जातीनं घेऊन येतो.”

एवढं काय त्या नळीत, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. मग पोरं बघितली आणि कळलं. जंतू रक्तात शिरून अंगभर पसरले आणि अंग स्वतःवरच उलटलं की त्याला सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसांनाही ते झेपत नाही, लेकरांचं तर विचारूच नका. त्यात रक्त येड्यासारखं वागायला लागतं. आत नको तिथं बारीक बारीक गुठळ्या धरतं, हातापायाच्या बोटांपर्यंत पोचत नाही. आणि गोठायला लागणारा माल असा उधळून बसतं की जिथं गोठायला पाहिजे तिथं गोठत नाही, सुईच्या भोकातून झिरपत राहतं. लेकरू कुणीकडं चाललंय ते या नळीतून आणि तिच्या बहिणींतून कळतं. रक्त गोठायला वेळ किती लागतो, प्लेटलेट किती उरल्या, आणि डी-डायमर, म्हणजे आत झालेल्या गुठळ्यांचा चुरा, तो किती वाढलाय.

त्यातही सरांना नुसता आकडा सांगितलेला चालायचा नाही. मी धावत जाऊन सांगावं, “सर, डी-डायमर खूप वाढलाय,” तर हे शांतपणे डब्यातली भाकरी मोडत म्हणणार, “काल किती होता?” (डबा लॅबच्या पायऱ्यांवर बसून खायचे. लॅबमध्ये खाऊ देणार नाही म्हणून मी त्यांना एकदा बाहेर काढलं होतं, तेव्हापासून.) “पाथरी, स्टँडवर एसटी उभी आहे, एवढ्यावरून काय कळतंय? पाटी बघ. परभणीकडं चाललीय का परभणीहून चाललीय? आज चढलेला आकडा सांगू नको, कुणीकडं तोंड हाय ते सांग.” मी चडफडत पुन्हा कालचा कागद आणायला जायची. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं सर नांदेडला लेकीकडं असतात. पण फोन केला की पहिला प्रश्न तोच, “पाथरी, तोंड कुणीकडं हाय आज?” आणि मी दवाखान्याचं सांगते, पोरांचं सांगते, कधी घरचंही सांगून टाकते.

त्यांच्याबद्दल बोलायला बसलं की माझी गाडी शेवटी बिरूवरच येते.

बिरू मेंढपाळाच्या घरातला, पाचेक वर्षांचा. त्यांनी पालमकडच्या एका शेतात मेंढरं बसवली होती, खतासाठी बसवतात तशी. आई पोटुशी, ती मेंढरांपाशी थांबली होती. आजी आणि बाप त्याला घेऊन आले. आजी अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत. पोराला लिंबाच्या पाल्यात गुंडाळलेलं. बाकावर टेकायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, “गोवर हाय ह्याला. बाया खेळायल्यात अंगावर. लेक ऐकना म्हणून आले. सुई लावू देणार न्हाई. सुई लावली की बाया कोपत्यात.” बाप मागं उभा, पटका हातात चुरगाळत.

मी तिथंच दुसऱ्या पोराचं रक्त घेत होते. बिरूची मान लटकत होती. पाय बर्फासारखे गार आणि नडग्यांवर जांभळे डाग, शाई सांडल्यासारखे. आमचा नवा डॉक्टर आजीवर खेकसणार तेवढ्यात सरांनी हातानंच त्याला थांबवलं आणि जमिनीवर उकिडवे बसले. खिशातला ग्लास काढला. शेजारच्या बाकावर एक पोरगी होती, तिच्या हातावर तापाचं लाल पुरळ उठलेलं. आधी तिच्या हातावर काच दाबली. “बघा आजी. दाबलं की लाल गेलं का?”

“गेलं.”

मग तीच काच बिरूच्या नडगीवर. डाग होते तसेच, काचेखाली आणखीच काळेभोर. “हे जाईना. घ्या, तुमीच दाबा.”

आजीनं ग्लास घेतला आणि दाबला. एका जागी, दुसऱ्या जागी, मांडीवर, पोटावर. दर वेळी वाकून बघायची. फिरून ती पहिल्याच डागावर आली तेव्हा सर म्हणाले, “हे गोवराचं लाल न्हाई, आजी. हे रक्त हाय. कातडीखाली सांडलंय, आणि अजून सांडायलंय.”

आजीनं लिंबाचा पाला काढून बाकावर ठेवला. “मग लावा की सुई. माज्या तोंडाकडं काय बघायलाव!”

केसपेपर लिहिणाऱ्यानं गाव विचारलं, तर “औषध आधी, गाव नंतर!” सर इतक्या जोरात ओरडले की मी दचकले. तपासणीची वाट न बघता जंतूंवरचं औषध शिरेतून सुरू झालं, सलाइन लागलं, ऑक्सिजन लागला. निळी नळी घेऊन सर माझ्याकडं आले तेव्हा सूनबाई वगैरे काही म्हणाले नाहीत. रिपोर्टात ज्याची भीती होती तेच आलं. आजीनं विचारलं, “वाचंल का?” सर खोटा धीर देत नसत. म्हणाले, “आज सांगता येत न्हाई. उद्या विचारा.” आजी रोज विचारायची, सर रोज तेच सांगायचे.

आजीला सगळं चाललं, पण रोजचं रक्त काढणं सोसवेना. “एवढ्याशा जिवाचं रोज रोज रगत! ते काय हिरीचं पाणी हाय का?” आणि एका सकाळी तिनं पोखर्णीचा हात धरला. “बाई, तुलाबी लेकरं असतील. अर्धंच घे आज.” पोखर्णी मुळातच मऊ, पेशंटचं पोर रडलं की हिच्या डोळ्यांत पाणी. तिनं अर्धीच नळी भरली. दया आली तिला, दुसरं काय. आमच्याकडं कुणालाही आली असती.

नेमकी मी त्या दिवशी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेलेली. सर जिंतूरकडच्या एका गावात पोरं तपासायला गेलेले. माझ्या जागी आलेल्या माणसानं नळी न बघता मशीनला लावली, आणि रक्त गोठायचा वेळ आदल्या दिवसापेक्षा कितीतरी वाढलेला आला. नवा डॉक्टर तो कागद घेऊन बापाकडं गेला आणि खरं वाटलं ते बोलला, “रक्त गोठतच नाही. आता आमच्या हातात फारसं काही राहिलं नाही.” बापानं पटका डोक्याला बांधला. त्यांच्यात म्हणे, लेकरानं परक्या छपराखाली जीव सोडू नये, आपल्या वाड्यावर, मेंढरांत सोडावा. गाठोडं बांधलं, जीप बोलावली.

मी दुपारी आले ती साखरपुड्याच्या साडीतच. बघते तर सर गावाहून परतलेले, सकाळचा कागद हातात घेऊन लॅबमध्ये, वाकून नळ्यांच्या स्टँडमध्ये शोधायलेत. “पाथरी, पालमची सकाळची नळी कुठाय?” मी काढून दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. रक्त खुणेच्या निम्म्यावर. सर चिडले की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. अगदी हळू म्हणाले, “मेहेरबानी करून कुणी सांगाल का, ही कुणी भरली?” दारात उभी असलेली पोखर्णी रडायलाच लागली. सर म्हणाले, “रडायचं मागून. आधी चल,” आणि नळी घेऊन धावत सुटले. सूनबाईचं सगळं सोवळं विसरून, धावत! त्यांच्यामागं पोखर्णी, आणि निऱ्या वर धरून मी.

जीप फाटकातच होती. आजी आत, मांडीवर बिरू, ऑक्सिजनचं नळकांडं चढवायचं चाललेलं. सर जीपच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. “वाजव, अजून वाजव,” सर म्हणाले आणि आजीकडं गेले.

“आजी, आमटी केली. पातेलंभर आमटीचं मीठ टाकलं. आणि आमटी झाली अर्धंच पातेलं. काय व्हईल?”

आजी त्यांच्याकडं बघतच राहिली. येड लागलं का ह्या डॉक्टरला, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. “खारट व्हईल. दुसरं काय व्हईल?”

“दोष आमटीचा का?”

“आमटीचा कशाला? मापाचा.”

सरांनी नळी पुढं धरली. “ह्यात आधीच मीठ हाय, ह्या खुणेइतक्या रक्ताचं. रक्त आलं अर्धंच. कागदावर जे वाईट आलं ते सगळं तुमच्या लेकराचं न्हाई. किती त्याचं आणि किती मापाचं, ते मला पुन्हा बघू द्या.”

बाप पहिल्यांदा बोलला, “आन् पुन्हा बघून वाईटच आलं तर?”

“तर वाईट हाय म्हणून मीच सांगीन, आणि जीपपर्यंत मीच पोचवीन. पण खोटं वाईट ऐकून लेकराला घेऊन जाऊ नका.”

आजी हळू आवाजात म्हणाली, “अर्धं घे म्हून मीच म्हणले व्हते.”

“मायेनं म्हणालाव,” सर म्हणाले. “चला, उतरा.”

ती उतरली. पलंगावर बिरूचा हात तिनं स्वतः धरला आणि पोखर्णीला दटावलं, “पुरं भर गं बाई. आता हात राखू नको.” नळी खुणेपर्यंत भरली. भरजरी साडीवर कोट चढवून मी मशीनपुढं बसले आणि देवाशपथ सांगते, मला इतकी भीती माझ्या स्वतःच्या बाळंतपणात वाटली नव्हती. रिपोर्ट वाईटच होता. पण आदल्या दिवशीच्या कागदाशेजारी ठेवला तर तसूभर खाली. मी जिन्यातूनच ओरडले, “सर, उतरायलाय! तोंड इकडं हाय!” सर भिंतीला टेकून उभे राहिले आणि चष्मा काढून कोटाला पुसत बसले, कितीतरी वेळ.

तिथून पुढं आकडे उतरत गेले, पण कसे, तर जत्रेतून म्हातारं माणूस घरी निघावं तसे. मध्येच थांबायचे. एक दिवस उलटे फिरले, तेव्हा प्लाझ्मा चढवावा लागला. जिवाचं भय कमी झालं आणि पायाचं वाढलं. बिरूच्या डाव्या पायाची बोटं काळी पडत चालली होती. गुठळ्यांनी रक्ताची वाट अडवली होती. सर रोज सकाळी त्या पावलावर हात ठेवून बसायचे, ऊब कुठपर्यंत आलीय ते चाचपत. आजी म्हणाली, “मेंढरामागं चालणाऱ्या घरात पाय न्हाई तर काय हाय, डॉक्टर?” सर म्हणाले, “खरंय.” मला त्यांचा राग आला. म्हटलं, थोडं बरं बोलायला काय जातं ह्यांचं?

आणि मला खरं भ्यायला व्हायचं ते त्या पोराच्या गप्पपणाला. सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही. डोळे अर्धवट उघडे, नजर कुठंच नाही. पोरं मला बघून बोंबलतात, ‘सुईवाली आली’ म्हणून शिव्या देतात, चावतात. माझा तर तोच धंदा. हा मात्र हात दिला की दिलेलाच. सर म्हणायचे, “आकडे उतरायलेत, पण आकड्यांना घेऊन काय करू? पोरगं कुठाय?”

एका सकाळी पोखर्णीला सुट्टी होती म्हणून रक्त घ्यायला मीच गेले. सर पायथ्याशी, डावं पाऊल हातात घेऊन, नाक लावता येईल इतकं वाकून बोटं बघत होते. आजी उशाशी. मी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली.

“आयोवऽऽ!”

वॉर्डात एवढा मोठा आवाज कुठून आला, मला कळेना. बिरू हात हिसडत होता, तोंड लालबुंद, आणि त्याच डाव्या पायानं त्यानं सरांना अशी लाथ हाणली की सरांचा चष्मा उडून पार पलीकडच्या पलंगाखाली गेला आणि सर मागच्या मागं बुडावर आदळले. मी घाईनं सुई काढली आणि कापूस दाबला.

आजी ताडकन उठली. “आरं मुडद्या! डाक्टरला लाथ मारतूस व्हय रं?” म्हणत तिनं हात उगारला. बिरूनं तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. चांगलं टक लावून बघितलं आणि पुन्हा भोकाड पसरलं. आजीचा हात वरच राहिला. ती एकदा पोराच्या पायाकडं बघायची, एकदा खाली बसलेल्या सरांकडं.

सर बिनचष्म्याचे, केस उभे, फरशीवरच बसून हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या आणि ते पुसत नव्हते. माझंही तेच चाललं होतं, खोटं कशाला सांगू.

“आजी,” सर म्हणाले, “आज विचारलं न्हाई तुमी, वाचंल का?”

उगारलेला हात आजीनं बिरूच्या डोक्यावर टेकवला, त्याचे केस मुठीत धरले आणि सगळा वॉर्ड दणाणेल अशा आवाजात म्हणाली, “मार रं माज्या वाघा, अजून एक मार!”

आणि सर गुडघ्यांवर सरकत पुन्हा पलंगाजवळ आले.